मुलाचा पाय अकरा नंबरचा झालाय? शाळेचे बूट घेण्याआधी हे वाचा

मे महिना संपत आला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार सुरू होते. तक्रार आईची असते आणि शेजारी मान खाली घालून बसलेला असतो आठवी-नववीतला मुलगा. "डॉक्टर, गेल्या जूनमध्ये आठ नंबरचे बूट घेतले, दिवाळीला नऊ लागला आणि आता दुकानदार म्हणतो दहासुद्धा घट्ट होतोय. वर तीन महिन्यांत फाडून ठेवतो. याला काही आजार तर नाही ना?"

बहुतेक वेळा आजार नसतो. पण प्रश्न खरा असतो. मोठ्या पायाच्या मुलाला शाळेचे, पायात नीट बसणारे आणि वर्षभर टिकणारे बूट मिळणे ही आपल्याकडे सोपी गोष्ट नाही. डॉक्टरांनी बुटांवर कशाला लिहायचे, असे तुम्हाला वाटेल. पण नख रुतलेली, टाच दुखणारी आणि बोटांमध्ये चिखल्या झालेली मुले शेवटी आमच्याकडेच येतात, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ बुटात असते. म्हणून पालकांना रोज तोंडी सांगतो ते आज सविस्तर लिहितो.

पाय आधी का वाढतात?

वयात येताना शरीर सगळीकडे एकाच वेगाने वाढत नाही. आधी तळपाय आणि हात वाढतात, मग पाय लांब होतात आणि धड सर्वांत शेवटी वाढते. म्हणून बारा-तेरा वर्षांचा मुलगा काही काळ बेढब दिसतो, चालताना अडखळतो, ताट-वाट्यांना धक्के देतो. बहुतेक मुलांचे तळपाय पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत वाढायचे थांबतात. उंची मात्र त्यानंतरही काही काळ वाढत राहते.

याचा अर्थ असा, की तेराव्या वर्षी दहा नंबर लागला म्हणजे अठराव्या वर्षी पंधरा लागेल असे मुळीच नाही. पाय पुढे निघून गेलेला असतो, उंची मागून येते. मुलाच्या वडिलांचे, मामाचे, काकांचे पाय बघा. उत्तर बहुधा तिथेच सापडते.

आखूड बूट काय करतो?

काही वर्षांपूर्वी तेरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. उजव्या अंगठ्याचे नख कडेला रुतून पू झालेला. अँटिबायोटिक्स घेतली की बरे व्हायचे आणि महिन्याभरात पुन्हा सुरू. ही तिसरी खेप होती. मी त्याच्या आईला दुसऱ्या दिवशी त्याचे शाळेचे बूट घेऊन यायला सांगितले. बुटातली गादी बाहेर काढली, तर बोटांचे ठसे गादीच्या अगदी टोकाला चिकटलेले होते. मुलाच्या पायाची लांबी भरली साडेअठ्ठावीस सेंटिमीटर, आणि गादी होती साडेसत्तावीसची. एक सेंटिमीटर पाय रोज सहा तास कुठे जात होता? बोटे आत दुमडून तो चालत होता.

"दुखत होतं तर बोलला का नाहीस?" मी विचारले. बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "बाबा म्हणाले होते, हे तरी वर्षभर पुरव."

माझ्या सर्जन मित्राने त्याच्या नखाची कडा काढली, बूट बदलले आणि पुन्हा तो त्रास झाला नाही. ते वाक्य मात्र मी आजही पालकांना सांगतो. पायाचा नंबर घरात चेष्टेचा किंवा खर्चाचा विषय झाला की मुलगा बूट चावतो हे सांगायचे बंद करतो. पीटीच्या तासाला पोट दुखते म्हणतो, खेळायला जात नाही, बुटाची टाच दाबून सपातासारखा वापरतो. त्याला शिस्त नाही असे वाटते. खरे तर बूट होत नसतो.

आखूड किंवा अरुंद बुटाने होणारे नेहमीचे त्रास असे:

• अंगठ्याचे नख कडेला रुतणे. नख गोल कापले तर हे आणखी वाढते, म्हणून नख सरळ कापा आणि कोपरे खोल कोरू नका.
• नखाखाली रक्त साकळून नख काळे पडणे.
• करंगळीवर आणि बोटांच्या सांध्यांवर कुरूप, टाचेवर फोड.
• टाचदुखी. साधारण आठ ते पंधरा या वयात टाचेच्या हाडाची वाढ सुरू असते. खेळणाऱ्या मुलांमध्ये त्या भागावर ताण येऊन टाच मागच्या बाजूने दुखते. कडक, झिजलेल्या सोलचा बूट हे दुखणे वाढवतो.

दुकानात जाण्याआधी घरी माप घ्या

दुकानात अंगठा दाबून बघायची आपली जुनी पद्धत फसवी आहे, कारण दाबले की मुलगा बोटे आत ओढून घेतो. त्याऐवजी घरी असे माप घ्या:

1. माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभे राहून पाय थोडा सुजतो.
2. भिंतीला लागून कागद ठेवा. टाच भिंतीला टेकवून मुलाला दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन उभे करा. बसून घेतलेले माप कमी भरते.
3. सर्वांत लांब बोटासमोर खूण करा. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते.
4. दोन्ही पाय मोजा. थोडा फरक बहुतेकांना असतोच. मोठ्या पायाचे माप धरा.
5. त्याच कागदावर पायाची बाह्यरेषा काढा. रुंदीचा अंदाज त्यावरून येतो.

या लांबीत एक ते सव्वा सेंटिमीटर मिळवा. बुटाच्या आतली लांबी साधारण तेवढी हवी. दुकानात गादी बाहेर निघत असेल तर ती जमिनीवर ठेवून मुलाला तिच्यावर उभे करा. बोटांपुढे आडव्या अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे आणि पाय कडेने बाहेर सांडता कामा नये. शाळेचेच मोजे घालून दोन्ही बूट चढवायला लावा आणि दुकानात चार फेऱ्या मारू द्या.

"वाढत्या अंगाचा आहे, दोन नंबर मोठेच घेऊ," हा विचार टाळा. ब्रिटिश मापातला एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर म्हणजे सतरा मिलिमीटर. एवढ्या सैल बुटात पाय पुढे-मागे घसरतो आणि टाचेला फोड येतो. शिवाय पाय जिथे वाकतो तिथे बूट वाकत नाही, भलतीकडेच वाकतो आणि तिथे चिरतो. म्हणजे पैसे वाचवायला घेतलेला मोठा बूट लवकर फाटतो.

नंबरांचा घोळ

आपल्याकडे दुकानात बहुधा ब्रिटिश नंबर चालतो. युरोपीय नंबर वेगळा असतो आणि त्यातला एक नंबर सुमारे पावणेसात मिलिमीटरचा. पुरुषांच्या बुटांत अमेरिकन नंबर ब्रिटिश नंबरपेक्षा बहुतेक वेळा एकने मोठा छापलेला असतो. त्यामुळे बारा नंबर म्हणून ऑनलाइन मागवलेला बूट प्रत्यक्षात अकराचा निघू शकतो. लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात. "मुलांचे बूट, 12 नंबर" असे शोधले तर पहिली-दुसरीतल्या मुलाचा बूट घरी येतो. म्हणून ऑनलाइन घेताना नंबर बाजूला ठेवा, कंपनीच्या तक्त्यातले सेंटिमीटर बघा. एकाच नंबरचा बूट दोन कंपन्यांत लांबीला सारखा असेलच असे नाही.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात, असे त्यातून दिसले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली आहे. तुमच्या मुलाला लांबीला बरोबर असलेला बूट कडेने चावत असेल, तर त्याच्या पायात दोष नाही. तो बूट दुसऱ्या कुठल्यातरी पायासाठी बेतलेला आहे.

फाटलेला बूट फेकू नका, आधी वाचा

नवा बूट घेताना जुना सोबत न्या. कुठे फाटला यावरून बरेच काही कळते.

• पुढे अंगठ्यापाशी भोक पडले किंवा सोल सुटला: बूट आखूड होता, किंवा त्याच बुटांनी फुटबॉल झाला. दुसरे कारण असेल तर खेळाचे बूट वेगळे ठेवा.
• करंगळीच्या बाजूने उसवला: बूट अरुंद होता. पुढचा नंबर घेऊन हे सुटत नाही, पुढून रुंद असलेला प्रकार शोधा.
• बोटांच्या मागे, वाकण्याच्या जागी आडवी चीर: वरचे रेक्झिन हलक्या प्रतीचे होते किंवा बूट खूप लांब होता.
• टाचेची मागची बाजू दबून चुरगळली: मुलगा नाडी न सोडता पाय कोंबतो, किंवा बूट लहान झालाय. आधी माप घ्या, मग रागवा.
• सुट्टीनंतर कपाटातून काढल्यावर सोलचा चुरा झाला: सोल पॉलियुरेथेनचा होता. दमट हवेत हे रसायन हळूहळू विघटित होते, बूट न वापरताही. कोकणात आणि आमच्या घाटमाथ्याच्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर हे हमखास दिसते. असा बूट पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही.
• टाच बाहेरच्या कडेने थोडी झिजली: हे बहुतेकांचे होते. पण आतल्या कडेने खूप झिजली असेल, किंवा दोन बुटांची झीज अगदी वेगळी असेल, तर एकदा डॉक्टरांना दाखवा.

मोठ्या पायाचा मुलगा बूट लवकर झिजवतो, यात त्याचा धसमुसळेपणा थोडा आणि गणित जास्त असते. सातवीतला मुलगा नववीत जाईपर्यंत बराच वजनदार झालेला असतो. शाळेचा साधा बूट मात्र लहान मुलाच्या वजनासाठी बनवलेला असतो. तोच बूट मोठ्या मापात काढला म्हणून त्याची ताकद वाढत नाही.

टिकाऊ बूट कधी घ्यायचा?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. टिकाऊ बूट घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: पाय अजून वाढतोय की थांबलाय?

दाराच्या चौकटीवर आपण उंचीच्या खुणा करतो, तशी दर तीन महिन्यांनी पायाची लांबी एका वहीत लिहून ठेवा. माप बदलत असेल, तर महागडा बूट फाटण्याआधीच लहान होणार. या काळात मध्यम किमतीचा, नीट बसणारा बूट घ्या आणि सहा महिन्यांत बदलावा लागेल हे आधीच धरून चाला. सलग सहा-आठ महिने माप तेच राहिले, की मग चांगल्या बुटावर खर्च करा. सहाशे रुपयांचे बूट वर्षात चार वेळा घेतले तर चोवीसशे होतात. तेवढ्यात, पाय थांबलेल्या मुलाला कातडी बूट दोन वर्षे जाऊ शकतो.

बूट निवडताना हे बघा:

• वरचा भाग अस्सल कातड्याचा. कातडे पायाच्या आकारानुसार थोडे सैल होते आणि घाम बाहेर जाऊ देते. प्लास्टिकसारखे चकचकीत रेक्झिन तसे करत नाही.
• सोल कडेने शिवलेला. नुसता चिकटवलेला सोल पावसात सुटतो. काही सोलमध्ये शिलाईची खोबण नुसती छापलेली असते, म्हणून दोरा खरा आहे ना ते नखाने खरवडून बघा.
• सोल रबराचा. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडता कामा नये.
• टाचेची मागची भिंत टणक, बोटांनी सहज न दबणारी.
• नाडीचा बूट. नाडीने रुंद पायाला सैल आणि अरुंद पायाला घट्ट करता येते.

मोठा नंबर मिळणार कुठे?

हा शोध मी स्वतः घेतलेला आहे. माझ्या मुलाचा पाय नववीत अकरा नंबरचा झाला आणि दहावीच्या तोंडावर बारा. कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत आम्ही दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने बसवून घेतले, चहा पाजला आणि म्हणाला, "डॉक्टर, शाळेच्या बुटात दहाच्या वर मालच ठेवत नाही. एक जोड विकायला वर्ष जातं." त्याचेही बरोबर होते. प्रत्येक नंबरला कारखान्यात वेगळा साचा लागतो. कमी खपणाऱ्या नंबरासाठी तो कोणी करत नाही, आणि केला तरी दुकानदार ठेवत नाही.

दुसऱ्या एका दुकानातल्या पोऱ्याने मुलाच्या पायाकडे बघून "होडीच की ही!" म्हटले. सगळे हसले, मुलगाही हसला. पण त्यानंतर तो कुठल्याच दुकानात बूट काढायला तयार होईना. पुढचे माप मी कागदावर घेऊन एकटाच फिरलो.

त्या अनुभवातून आणि नंतर पालकांकडून समजलेले मार्ग असे:

• "शाळेचे बूट" मागू नका. पुरुषांच्या विभागात साधे काळे, नाडीचे, नक्षी नसलेले बूट मागा. तिथे अकरापर्यंत, कधी बारापर्यंत माल असतो.
• पोलीस आणि लष्करी साहित्याच्या दुकानात विचारा. तिथले काळे कातडी बूट दिवसभर उभे राहणाऱ्या, धिप्पाड माणसांसाठी केलेले असतात. पोलादी टोपीचे कारखान्यातले सेफ्टी शूज मात्र नकोत. ते शाळेसाठी फार जड होतात.
• पूर्ण काळे स्पोर्ट्स शूज. मोठ्या क्रीडा कंपन्यांचे नंबर वरपर्यंत जातात. शाळेत चालत नसतील तर मुख्याध्यापकांशी बोला. मी अशा मुलांना दोन ओळींचे पत्र देतो: पायाचे माप, त्रास आणि काळे स्पोर्ट्स शूज वापरू देण्याची विनंती. आजवर एकाही शाळेने ते नाकारलेले नाही. तुमचे डॉक्टरही देतील.
• माप देऊन शिवून घ्या.

आम्ही शेवटी हाच मार्ग धरला. चप्पल लाईनवर चौकशी केली. कोल्हापुरी चपला करणारे पुष्कळ, बंद बूट शिवणारे थोडे. एक वयस्कर कारागीर भेटले. त्यांनी मुलाला कागदावर उभे केले, पेन्सिल फिरवली, पायाच्या चवड्याचा आणि वरच्या उंचवट्याचा घेर टेपने मोजला आणि म्हणाले, "उजवा पाय जरा मोठा हाय. दोन्ही सारखे शिवायचे न्हाईत." मुलाला विचारले, "बाळा, कुठं चावतंय ते सांग. लाजू नको, पाय मोठा म्हंजे उभं ऱ्हायला जागा जास्त." त्या दिवशी मुलगा बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने बोलला. बुटांना दोन तयार जोडांपेक्षा जास्त पैसे पडले. पण मधे एकदा सोल बदलून ते बारावीपर्यंत चालले. तोवर पाय वाढायचे थांबले होते, म्हणून हे जमले.

पावसाळ्यात पाय सांभाळा

जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच सुरू होतात. ओला बंद बूट आणि घामेजलेला पाय म्हणजे चिखल्यांना आमंत्रण. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते. काही मुलांच्या तळव्यावर बारीक खड्डे पडून असह्य वास येतो. घामात वाढणाऱ्या जंतूंमुळे हे होते, त्यावर औषध आहे. मुलाला घाणेरडा म्हणू नका.

• शाळा परवानगी देत असेल तर पावसात सँडल घालू द्या.
• भिजलेल्या बुटाची गादी काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली वाळवा. शेगडीजवळ ठेवले तर कातडे तडकते.
• जमल्यास दोन जोड आलटून पालटून वापरा. दोन्ही जास्त टिकतात.
• मोजे रोज धुतलेले. दप्तरात एक कोरडी जोडी ठेवा.
• पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा.
• औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम परस्पर आणू नका. खाज थांबते, बुरशी मात्र पसरते.

डॉक्टरांकडे कधी यायचे?

• टाच, गुडघा किंवा तळवा दोन-तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, किंवा मुलगा लंगडत असेल.
• नखाच्या कडेला सूज, लाली, पू असेल.
• एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असेल.
• उंची अचानक फार वाढत असेल आणि सोबत डोकेदुखी किंवा नजरेची तक्रार असेल.
• मुलगा घरातल्या इतरांपेक्षा खूपच उंच, सडपातळ, हात आणि बोटे फार लांब असतील. काही आनुवंशिक आजारांत असे दिसते, तेव्हा हृदय आणि डोळे तपासून घ्यावे लागतात.
• वाढ थांबल्यानंतर, विशीत किंवा पुढे, बुटाचा नंबर पुन्हा वाढू लागला असेल.
• मुलाला मधुमेह असेल तर साधा फोडसुद्धा लगेच दाखवा.

नुसते सपाट तळवे, दुखत नसतील तर, बहुतेक मुलांमध्ये उपचाराविना ठीक असतात. त्यासाठी महागडे खास बूट घेण्याची गरज नाही.

यंदा खरेदीला निघण्याआधी रात्री जेवण झाल्यावर मुलाचे माप घ्या. तेव्हाच त्याला सहज विचारा, "जुना कुठे चावत होता?" आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्या, किमतीचा विषय त्या वेळी काढू नका. मापाचा कागद जपून ठेवा. त्रास झाला आणि माझ्याकडे आलात, तर तो कागद आणि जुने बूट दोन्ही सोबत आणा.